टेंबे वकिलांनी विचारलेली वेळ

टेंबे वकील गेले. तेराव्यानंतरच्या रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. चार जण बोलले. एक म्हणाला, देवमाणूस. दुसरा म्हणाला, आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. तिसरा तर त्यांच्या घराची पायरी कधी चढला नसेल, त्याने डोळे पुसले. मग सेक्रेटरीने माझ्याकडे पाहून माइकवर सांगितलं, "गणपतभाऊ त्यांचे चाळीस वर्षांचे शेजारी, त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी उठलो, चप्पल घातली आणि घरी आलो.

आता सेक्रेटरी मागे लागून राहिला, भाऊ, बोलत नाही तर स्मरणिकेसाठी लिहून द्या, आम्ही शुद्ध करून घेऊ. लिहून देतो. पण शुद्ध करायचं नाही. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. त्यानंतर फॅक्टरीच्या पॅकिंग सेक्शनला पस्तीस वर्षं पेट्या ठोकल्या. अक्षर वेडंवाकडं आहे, पण माझं आहे. गोड करून छापायचं असेल तर छापूच नका.

देवमाणूस नव्हते ते. माणूस होते, आणि माझा राग त्या माणसावर आहे.

अंगाने बारीक. आवाज मात्र असा की कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत नळावर ते कोणाला "सरका" म्हणाले तर दोन घरं पलीकडचाही सरकायचा. काळा कोट एकच. त्याची कोपरं घासून भुरी झाली होती. मे महिन्यात कुत्रं नालीत जाऊन बसतं, तेव्हाही कोट अंगावर. उजव्या खिशात भाजलेले चणे. कोर्टात पुकारा होईपर्यंत एकेक चणा सोलून खायचे आणि सालं डाव्या खिशात टाकायचे, खाली नाही. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, म्हणायच्या, "यांचा कोट धुवायला काढला की भडभुंज्याचं दुकान निघतं."

विचारायची त्यांना खोडच होती. सरळ वाक्य तोंडून क्वचित. भाजी खारट झाली तर खारट झाली म्हणणार नाहीत. विचारतील, "आज मीठ किती वेळा घातलं?" मी एकदा म्हटलं, "वकीलसाहेब, तुम्ही कधी काही सांगत काहून नाही?"

म्हणाले, "भाऊ, सांगणं साक्षीदाराचं काम. मी फक्त विचारतो."

माझा ओटा आज उभा आहे तो त्यांच्या या विचारण्यामुळे. राग असला तरी हे मी नाकबूल करणार नाही. एका सकाळी अतिक्रमण तोडणारी गाडी येऊन उभी राहिली. कुदळी उतरल्या. माझी बायको तेव्हा होती, ती ओट्यावर आडवी झाली. टेंबे वकील दंतमंजन लावलेलं बोट तोंडात धरून बनियनवर बाहेर आले. चूळ भरली आणि त्या साहेबाला विचारलं, "ऑर्डर है?"

"है, वकील साहब. इसी गली की है."

"गली का नाम क्या लिखा है? पढ़ दीजिए ज़रा."

त्याने वाचलं.

"और आप खड़े किस गली में हैं?"

तो माणूस वर-खाली पाहू लागला. कागदावर मागची गल्ली होती. गाडी परत गेली. वकिलांनी माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, आता चहा मिळेल का?" बस. उपकाराची भाषा नाही, काही नाही. त्या ओट्यावर मी पुढे वीस वर्षं बसलो. त्याच ओट्यावरून मी ते पाहिलं, ज्याच्यासाठी हे लिहून राहिलो.

अशील घरी आला की त्यांचं पहिलं बोलणं ठरलेलं. "पोलीस काय म्हणतात ते सांग. काय झालं ते सांगू नकोस." एकदा एक तारचोर आला. विजेच्या तारा कापायचा. भोळा होता बिचारा. म्हणाला, "साहब, सच-सच बता दूँ?" तसे हे दोन्ही कानांवर हात ठेवून आत पळाले आणि आतून ओरडले, "मत बताना. मालूम पड़ गया तो पूछूँगा कैसे?" आम्ही सगळे ओट्यावर होतो, पोट धरून हसलो. मीही हसलो. त्यात हसण्यासारखं काही नाही हे तेव्हा कळलं नाही.

अशील सुटला की संध्याकाळी गल्लीत खोव्याची जलेबी. काळीभोर, जड, एक खाल्ली की जेवण नको. स्वतः घरोघर द्यायचे आणि म्हणायचे, "तोंड गोड करा, एक माणूस घरी आला." हरले तर दार बंद. त्या दिवशी काकूसुद्धा बाहेर दिसायच्या नाहीत.

आता घड्याळाचं सांगतो, कारण सगळं तिथं येऊन अडलं.

मी निवृत्त झालो तेव्हा सेक्शनच्या लोकांनी मला मनगटी घड्याळ दिलं. सोनेरी. त्यावर आकडे नव्हते, नुसत्या बारा रेघा. आकडे मला येतात, पेट्यांवरचे नंबर पस्तीस वर्षं मीच रंगवले. पण काट्यांचं आणि रेघांचं कोणी शिकवलं नाही, आणि मी कोणाला विचारलं नाही. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने काय विचारावं, बाबा रे, घड्याळ कसं पाहतात? आणि गरजही नव्हती. फॅक्टरीचा भोंगा सकाळी होतो, दुपारी होतो, पाचला होतो. आमच्याकडे चूल भोंग्यावर चढते आणि भोंग्यावर उतरते. घड्याळ मी मानाचं म्हणून घालायचो.

एक दिवस टेंबे वकिलांनी स्कूटरला किक मारता मारता विचारलं, "भाऊ, किती वाजले?"

मी मनगट वर केलं, नीट पाहिलं आणि म्हटलं, "सकाळचा भोंगा होऊन झाला की बराच वेळ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जास्त नाही, एक क्षण. त्यानंतर त्यांनी मला कधी वेळ विचारली नाही. उलट रोज सकाळी माझ्या ओट्यासमोर आले की स्वतःशी बोलल्यासारखं मोठ्याने म्हणायचे, "दहाला वीस कमी." एखाद्या दिवशी, "दहाला दहा कमी, मेलो आज." मला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय असेल. कित्येक वर्षं मी ते ऐकलं. ते माझ्यासाठी होतं हे फार उशिरा समजलं. समजलं तेव्हा बरं वाटायला पाहिजे होतं. मला राग आला. माझी लाज त्या माणसाला इतकी वर्षं ठाऊक होती आणि मी त्याच्यासमोर मनगट मिरवत बसलो होतो.

गल्लीच्या तोंडाशी रामकिशनचं सायकल पंक्चरचं दुकान होतं. मागच्या खोलीत तो आणि त्याची बायको फुलवती राहायचे. एका संध्याकाळी पप्पू दुबेने त्याच्या दुकानासमोर मोटरसायकल आडवी लावली. हा पप्पू म्हणजे टेंबे वकिलांच्या मुन्शीचा मुलगा. मुन्शी दुबेजी तीस वर्षं वकिलांजवळ होते, त्यांच्या सगळ्या फाइली दुबेजींच्या डोक्यात असायच्या. ते वारले तेव्हा वकिलांनी स्वतः खांदा दिला होता. तर रामकिशन पप्पूला म्हणाला, "भैया, गाड़ी ज़रा सरका लो, ग्राहक नहीं आ पा रहा." एवढंच म्हणाला. मी ऐकलं. पप्पूने दुकानातलाच लोखंडी पाना उचलला.

पहिला वार रागाचा म्हणा. रामकिशन पडला. त्यानंतर पप्पूने इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकला आणि आणखी दोन मारले. ते दोन मी पाहिले. माझ्या ओट्यावरून वीस पावलं. मी चहा मांडायचा म्हणून पाचच्या भोंग्याची वाट पाहत बसलो होतो. भोंगा झाला तेव्हा रामकिशनचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि फुलवती हातातलं पीठ तसंच घेऊन मागच्या खोलीतून धावत येऊन राहिली होती.

दरोगाने, म्हणजे ठाण्याच्या फौजदाराने, बयान घेतलं. मारणारा कोण, किती वार, सगळं मी सांगितलं. मग त्याने विचारलं, "टाइम क्या था, दादा?" मी सांगणारच होतो, भोंग्याच्या जरा आधी. त्याची नजर माझ्या मनगटावर गेली. "घड़ी तो पहने हो. देखी होगी."

मी म्हटलं, "हाँ, देखी."

दोन शब्द. एका पोरसवदा दरोगासमोर मला अडाणी दिसायचं नव्हतं. त्याने आपल्या अंदाजाने लिहून टाकलं, घड़ी देखी, पाँच बजने में दस मिनट थे. मी खाली सही केली. सही मला चांगली येते.

पप्पूची आई, दुबाइन भाभी, टेंबे वकिलांच्या पायरीवर येऊन बसली. पहिल्या दिवशी त्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी वकालतनाम्यावर सही केली. त्यांना खरंच वाटत होतं की पोलिसांनी जवळचा दिसला तो उचलला. मी ओट्यावरून सांगितलं, "वकीलसाहेब, मी पाहिलं आहे पप्पूला."

म्हणाले, "भाऊ, तुम्ही साक्षीदार आहात. खटला संपेपर्यंत माझ्याशी बोलू नका." आणि स्कूटर चालू करून, जाता जाता, "दहाला पंधरा कमी."

बोललो नाही. खटला उभा राहायलाच दोन वर्षं गेली, दोन वर्षं बोललो नाही. तेवढ्यात पानवाला पलटला. माडीवरचा टेलर पलटला. कोर्टात दोघांनी सांगितलं, आम्ही तिथं नव्हतोच. उरलो मी. फुलवती दर तारखेला कोर्टाच्या बाहेर भेटायची, म्हणायची, "भैया, अब आप ही हो." मी म्हणायचो, "मैं हूँ न." छाती काढून म्हणायचो. फॅक्टरीत मला कोणी वाकवू शकलं नाही, तर एक पप्पू काय वाकवणार?

माझ्या साक्षीच्या आदल्या संध्याकाळी टेंबे वकील माझ्या ओट्याशी आले. चालत आले, कोट नव्हता. मी त्यांना कोटाशिवाय गल्लीत कधी पाहिलं नव्हतं. बसले नाहीत. उभेच राहिले.

"भाऊ, उद्या घड्याळ घरी ठेवून या."

मला समजलंच नाही. "काहून? माझं घड्याळ तुमच्या डोळ्यात खुपून राहिलं का?"

"आणि जेवढं डोळ्याने पाहिलं तेवढंच सांगा. त्याच्याबाहेर एक शब्द नको. कागदात काही जास्तीचं लिहिलं असेल तर जजला सांगून टाका की हे मी म्हटलं नव्हतं."

मी उभा राहिलो. "तुम्ही पप्पूचे वकील. माझ्या घरी येऊन मला शिकवून राहिले? पानवाल्याला पण असंच शिकवलं का?"

त्यांचा चेहरा उतरला. तो उतरलेला मी पाहिला आणि मला बरं वाटलं, हेही लिहितो. ते म्हणाले, "भाऊ, मी तुमच्या पाया पडू का?"

"पडा त्या फुलवतीच्या."

त्यांनी मनगट पाहिलं. "साडेसहा," म्हणाले, आणि गेले.

मी दुसऱ्या दिवशी ते घड्याळ फडक्याने घासून चमकवलं आणि बाही वर करून घातलं. मुद्दाम.

कोर्टात सरकारी वकिलाने विचारलं ते मी खणखणीत सांगितलं. पप्पू, पाना, तीन वार, त्यातले दोन पडल्यावर. "समय?" "घड़ी देखी, पाँच बजने में दस मिनट." तेही खणखणीत. मागच्या बाकावर एका टोकाला फुलवती, दुसऱ्या टोकाला दुबाइन भाभी. दोघींनी पदर तोंडाशी धरलेला.

टेंबे वकील उठले. आधी इकडचं तिकडचं विचारलं. ओटा किती उंच, मध्ये झाड आहे का, चष्मा लागतो का. मी एकेक उत्तर तोंडावर फेकलं. मग ते थांबले. चष्मा काढला, गळ्यातल्या पांढऱ्या पट्टीने पुसायला लागले. पुसत राहिले. पंखा फिरून राहिला होता, तेवढाच आवाज. मला वाटलं, संपले याचे प्रश्न, हरला.

जजसाहेब म्हणाले, "और कुछ पूछना है, वकील साहब?"

ते पप्पूकडे वळले. तो कठड्यात उभा होता, नखं खात. मग मागे दोघी बाया बसल्या होत्या तिकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "हुज़ूर, पाँच मिनट का समय दीजिए."

"समय किसलिए? पूछना हो तो पूछिए, नहीं तो बैठिए."

त्या क्षणी ते बसू शकत होते. खुर्ची मागेच होती. मी ती खुर्ची रोज पाहतो, डोळे मिटले की.

ते बसले नाहीत. खाली पाहत विचारलं, "गणपतजी, इस वक़्त आपकी घड़ी में कितना बजा है?"

मी मनगट वर केलं. काटे होते, रेघा होत्या. आजूबाजूला भोंगा नव्हता. चहावाला नुकताच येऊन गेला होता, त्यावरून मी अंदाज बांधला. "साढ़े बारह."

"घड़ी ज़रा हुज़ूर को दिखा दीजिए."

घड्याळ जजसाहेबांच्या हातात गेलं. त्यांनी ते पाहिलं, कानाशी नेलं. "ये तो बंद पड़ी है. इसमें सवा सात बज रहे हैं." लोक हसले. जजसमोर कागद लावणारा पेशकार हसला, शिपाई हसला. माझं घड्याळ कधीपासून बंद होतं मला माहीत नव्हतं. टेंबे वकिलांना माहीत होतं, शेजारी होते ना. मग त्यांनी आवाज न चढवता एकामागून एक विचारलं. तुम्हाला घड्याळ पाहता येतं का? मग पोलिसांना घड्याळ पाहिलं असं काहून सांगितलं? आज शपथ घेऊन पुन्हा काहून सांगितलं? जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणणारा माणूस आणखी काय काय पाहिलं म्हणू शकतो? शेवटी मी काय बोललो मला आठवत नाही. कोणी म्हणतं मी शिवी दिली. दिली असेल.

पप्पू सुटला. शंकेचा फायदा.

बाहेर फुलवती फाटकाशी उभी होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "भैया, आपने मारते हुए तो देखा था न?"

"देखा था."

"तो फिर घड़ी की क्या ज़रूरत थी?"

ती दुकान सोडून माहेरी गेली. त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. ते पप्पूचं आहे. मी समोरून गेलो की तो हात जोडतो, "नमस्ते चाचा." शोकसभेत तो पहिल्या रांगेत बसला होता, पांढरा कुर्ता घालून. आता समजलं का, सेक्रेटरी, मी काहून उठलो?

त्या संध्याकाळी गल्ली वाट पाहत होती, पण जलेबी आली नाही. टेंबे वकिलांचं दार बंद होतं, दिवा बंद होता, जसा हरल्यावर असायचा. त्यानंतर त्यांनी खुनाची केस घेतली नाही. भाडेकरूंचे, वाटण्यांचे कागद करत राहिले. आणि माझ्या ओट्याच्या चार घरं आधी ते स्कूटर बंद करायचे. ढकलत न्यायचे, मान खाली घालून, आणि पुढे वळणावर जाऊन किक मारायचे. वेळ सांगणं बंद झालं. मी ओट्यावर बसून पाहायचो, सत्तरी उलटलेला माणूस काळ्या कोटात स्कूटर ढकलून राहिला. उठून हात लावावा असं एकदाही मनात आलं नाही. खोटं काहून बोलू? आलं. उठलो नाही.

दोन-तीन वर्षांनी दुबाइन भाभी माझ्याकडे आली. पप्पूने तिलाही घराबाहेर काढलं होतं, म्हणून तोंड उघडलं. म्हणाली, "भैया, वकील साहब को कुछ मत कहना. उनकी गलती नहीं है. पप्पू ने जेल में अपने मुँह से उनको बता दिया था. मैं वहीं खड़ी थी. उनको कान बंद करने का टाइम ही नहीं मिला."

"कब?"

"आपकी गवाही के चार दिन पहले. घर आए तो मेरे हाथ की चाय नहीं पी. बोले, भाभी, दूसरा वकील कर लो. मैंने पैर पकड़ लिए, मुन्शीजी की कसम दी. कसम न देती तो छोड़ देते."

मी तिला पाणी दिलं आणि पाठवून दिलं. मग ओट्यावर बसलो आणि ती संध्याकाळ आठवली, कोट न घालता आलेला तो माणूस. घड्याळ घरी ठेवा म्हणत होता. विरुद्ध पक्षाचा वकील साक्षीदाराच्या दारी येऊन त्याची साक्ष सांभाळायला सांगत होता. कोणी पाहिलं असतं तर सनद गेली असती. अशिलाशी बेइमानी झाली ती वेगळीच. इतकं सगळं घेऊन तो माझ्या पायरीशी उभा होता आणि मी त्याला फुलवतीच्या पाया पडायला सांगितलं.

लोक म्हणतील, मग राग कशाला, गणपतभाऊ? आहे. वकीलसाहेब, तुम्हाला माहीत होतं मी खरं पाहिलं. "और कुछ नहीं पूछना," एवढं म्हणायचं आणि खाली बसायचं. तुम्ही म्हणाल, ज्याचा वकालतनामा घेतला त्याचा गळा कसा कापू? मग रामकिशनने काय करायचं होतं, त्याने तर कोणाला वकीलही केलं नव्हतं. मी खोटं बोललो, कबूल. पण माझ्या दोन शब्दांच्या खोट्यावर तुम्ही तुमचं सगळं खरं उभं केलं आणि त्याच्या आडून पप्पू निघून गेला. आणि "कधी खोटं बोलले नाहीत" म्हणे. बरोबर आहे. विचारणाऱ्याला कशाला बोलावं लागतं?

यातला किती राग त्यांच्यावर आणि किती माझ्यावर, ते मला विचारू नका.

मी एक केलं. घड्याळात नवा सेल टाकला आणि शिकलो. कोणाला विचारलं नाही. भोंगा झाला की काटे कुठे आहेत ते पाहायचं आणि लक्षात ठेवायचं. सकाळचा, दुपारचा, पाचचा. मग मधल्या रेघा मोजायच्या. टीव्हीवर बातम्या लागल्या की पुन्हा ताडून पाहायचं. एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला. आता मी झोपेतून उठूनही मिनिटासकट सांगतो.

शेवटचं पाहिलं ते याच वर्षी, जाण्याच्या आठ-दहा दिवस आधी. काचबिंदूने त्यांचे डोळे गेले होते. काकू माझ्याकडे आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओटा चढल्या. "भाऊ, एकदा येऊन जा. तुमचं नाव काढून राहिले सकाळपासून." मी म्हटलं, पाहू. त्या गेल्यावर बराच वेळ बसलो. मग गेलो, पण फाटकाच्या आत गेलो नाही.

ते अंगणात वेताच्या खुर्चीवर होते. बनियनवर काळा कोट. हात उजव्या खिशात, पण नुसताच. माझी चप्पल वाजली तशी मान वर केली. डोळे माझ्या बाजूला नव्हते, कान होता.

"गणपतभाऊ?"

मी फाटकाचा गज धरला.

"किती वाजले?"

पुन्हा तेच. त्यांना वेळ पाहिजे होती, की मला चूक सुधारायला दुसरी संधी देत होते, की माफी मागत होते. सरळ सांगणं तर त्यांना कधी आलंच नाही. मी मनगट वर केलं. काटे माझ्यासमोर स्पष्ट होते. उत्तर जिभेवर आलं होतं. पण मला कोर्टातला पंखा ऐकू आला, पेशकाराचं हसणं ऐकू आलं, आणि मी दात दाबून उभा राहिलो. ते वाट पाहत होते. चेहरा तसाच वर केलेला. घाई नाही, साक्षीदाराला वेळ देतात तसा.

मग फॅक्टरीचा भोंगा झाला.

त्यांनी मान हलवली. "पाच," हळूच म्हणाले, आणि खिशातून एक चणा काढून सोलायला लागले. साल डाव्या खिशात ठेवली. मी वळलो आणि घरी आलो.

एवढंच आहे माझं. सेक्रेटरी, खालची ओळ काढायची नाही.

तुम्ही विचारलं तेव्हा पाच वाजायला चार मिनिटं कमी होती, वकीलसाहेब. घड्याळ पाहून सांगतो.